काळा स्पंज

जुना टीव्ही वहिनीच्या डोक्याने फुटला. दुकानात मात्र तो मांजराने पाडला, असं सांगायचं ठरलं होतं. घरात मांजर नव्हतं. पण दादाने आहे म्हटलं म्हणजे होतं.

"केवढं मांजर हो साहेब, टीव्ही पाडणारं?" गळ्यात टाय बांधलेला सेल्समन हसून म्हणाला.

"मांजर कसलं, वाघीण आहे आमच्याकडे," म्हणत दादाने वहिनीच्या पाठीवर थाप मारली. बघणाऱ्याला लाडाची वाटावी अशी थाप. वहिनी हसली. केसांखाली, कानाच्या जरा वर, तिला टाके पडले होते आणि हसताना ते ओढले जात.

दोघांच्या मागे धाकटी उभी होती. दादाची ही बहीण कान-नाक-घशाच्या दवाखान्यात लोकांची श्रवणशक्ती तपासायची. जाड दाराच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. दिवसभर हेच. कामाने तिला गप्प राहायची सवय लावली होती आणि उरलीसुरली घराने.

"शहाणे, तुला आवाजातलं कळतं, तू चल," दादा सकाळी म्हणाला होता. "नाहीतर भलताच माल गळ्यात मारतील."

टीव्ही हे निमित्त होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

बैठकीच्या खोलीची भिंत पलीकडच्या घराला लागून होती आणि पलीकडे निवृत्त नर्सबाई राहायच्या. मागे एकदा त्या थेट दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मला सगळं ऐकू येतं," त्या दादाला म्हणाल्या होत्या. "पुन्हा ऐकू आलं, तर तुझ्याशी बोलायला येणार नाही. सरळ पोलिसांना फोन करीन. आणि डोळे वटारू नकोस, तुझ्यासारखे पुष्कळ टाके घालून घरी पाठवलेत मी."

दादा टायरच्या धंद्यातला. व्यापाऱ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष. जगात एका गोष्टीला तो भीत असेल, तर ती म्हणजे चारचौघांत शोभा होणं. नर्सबाई गेल्यावर काही दिवस त्याचा हात नुसता शिवशिवत राहिला. मग त्याला टॉवेलची युक्ती सुचली. आधी तोंडात टॉवेल, मग मार. टॉवेलनेही भागेना तेव्हा त्याचा हात तोंडावरून गळ्यावर उतरला. वहिनीचे डोळे पांढरे झाले, पाय टाइल्सवर घासत राहिले आणि मग तेही थांबले. धाकटी त्याच्या दंडाला लोंबकळली, तेव्हा त्याने तिची करंगळी कपाटाच्या दारात धरून दार लावलं. हाड मोडल्याचा आवाज तिने ओळखला. कोरडा, आखूड, पेन्सिल मोडल्यासारखा.

वहिनी शुद्धीवर आली आणि पहिलं काय म्हणाली, तर, "दार बंद आहे ना, वन्सं?"

धाकटी एकदा पोलीस चौकीत जाऊन आली होती. तिथला साहेब दादाच्या दुकानाचा गिऱ्हाईक निघाला. तो तिला स्वतःच्या गाडीतून घरी सोडून गेला, वर दादाशी गप्पा मारून गेला. त्या रात्री दोघींची पाठ सोलून निघाली. तेव्हापासून तिला एवढं कळलं होतं, की घरातल्या बाईच्या बोलण्याला वजन नाही. बाहेरच्या कुणीतरी ऐकायला हवं. आणि गळ्यावर एकदा गेलेला हात पुन्हा जातो. कधीतरी तो वेळेत निघत नाही. वहिनीचं मरण आणि वहिनी यांच्यामध्ये आता काय उभं होतं, तर नर्सबाईंचे कान.

तेच बुजवायला दादा आज दुकानात आला होता.

"टीव्ही बघू सावकाश," तो सेल्समनला म्हणाला. "आधी हे सांगा, खोलीतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून काय लावतात? हिच्या दवाखान्यात तपासणीची खोली आहे. आत सगळीकडे काळा स्पंज, अंड्यांच्या ट्रेसारखा उंचसखल. मी बसलोय त्यात. बाहेर बॉम्ब फुटला असता तरी कळलं नसतं. तसला स्पंज पाहिजे."

त्याच क्षणी धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

दादा चुकत होता. तपासणीच्या खोलीत आवाज अडतो तो स्पंजाने नाही. तो अडतो दुहेरी भिंतींनी, ढकलायला खांदा लावावा लागतो अशा दाराने, फटींना बसवलेल्या रबराने. आवाज अडवायला वजन लागतं. स्पंज हलका. तो फक्त आतलं घुमणं शोषतो आणि आवाज कोरडा, स्वच्छ करतो. पलीकडच्याला तो जवळपास जसाच्या तसा ऐकू जातो. दादाने जे डोळ्यांना दिसलं त्यालाच श्रेय दिलं होतं. भिंतीच्या आतलं त्याला दिसलं नव्हतं.

"स्पंज आहे ना साहेब, भरपूर," सेल्समन म्हणाला. "पण त्याने कसं होतं, फक्त घुमणं कमी—"

"घुमणंच थांबवायचंय," धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आवाज घुमला की भिंतीला हादरे देतो. हादरे बसले की बाहेर जातो. घुमू दिलं नाही की आतल्या आत मरतो."

शास्त्राच्या नावाखाली तिने आयुष्यात सांगितलेली ही पहिली थाप. सेल्समनने तिच्याकडे चमकून पाहिलं. तो या लाइनमधला होता, त्याला ती पचणं शक्य नव्हतं.

"ताई, तसं नसतं," तो अदबीने म्हणाला. "खरंच बाहेर जाऊ द्यायचा नसेल ना, तर भिंतीपुढे दुसरी भिंत उभी करावी लागते. मध्ये लोकर भरून, वर जड बोर्ड. आमची माणसं येऊन करून देतात."

"मग तीच करा की!" दादा म्हणाला. "अर्धवट काम मला आवडत नाही."

वहिनीने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. तिला यातलं काही कळत नव्हतं. पण माणसाचा चेहरा वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. धाकटीचा चेहरा उतरलेला तिला दिसला.

धाकटी थेट सगळ्यात मोठ्या पडद्यापुढे जाऊन उभी राहिली. दिवाणाएवढा पडदा. त्यावर दोन माणसं एकमेकांना भाल्यांनी भोसकत होती आणि एकाच्या कपाळावरचा घामाचा थेंब धाकटीच्या मुठीएवढा होता.

"दादा, हा बघ. संघटनेतल्या कुणाकडे असेल असला?"

दादा वळला. पडद्यावरचं रक्त त्याच्या चष्म्यात उतरलं. "बापरे," तो म्हणाला. "हा तर थेटरच आहे."

"पण दुसरी भिंत घातली तर हा नाही घेता येणार." धाकटी सरळ सुरात बोलत राहिली, जणू रोग्याला निकाल सांगतेय. "आपली खोली अरुंद. वीत-दीड वीत भिंतीत गेली की सोफा आणि पडदा एकमेकांच्या मांडीवर. इतक्या जवळून हा बघितला तर डोकं दुखतं. मग तो लहान घ्यावा लागेल. तो तिकडचा."

तिने कोपऱ्यातल्या पडद्याकडे बोट दाखवलं. करंगळीची पट्टी अजून निघाली नव्हती. सेल्समनची नजर त्या पट्टीवर गेली, तिथून वहिनीच्या गळ्याला गुंडाळलेल्या रुमालावर, आणि रुमालाच्या वर आलेल्या, पिवळ्या पडत चाललेल्या डागावर थबकली.

"तो? तो तर न्हाव्याच्या दुकानात लावायचा," दादा म्हणाला. "काय हो, स्पंजाने भागेल की नाही? स्पष्ट सांगा."

सेल्समनने डागावरची नजर काढली. "ताईंना यातलं जास्त कळतंय, साहेब," तो म्हणाला. "स्पंज लावा. पडदा मोठाच घ्या."

मग तो स्पीकर ऐकवायला त्यांना मागच्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेला. समोर तीन, मागे दोन आणि जमिनीवर एक ठोकळा, नुसत्या धमाक्यांसाठी. त्याने बटण दाबलं आणि खोलीत पूल कोसळला. वहिनी दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसली.

दादा पोट धरून हसला. "हिला आवाजाची भारी आवड! बांधा हो, हाच बांधा."

आठवडा सरायच्या आत बैठकीची खोली ओळखू येईनाशी झाली. नर्सबाईंच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत काळा स्पंज, त्यावर तो पडदा. जोडणाऱ्या माणसाने सोफ्यावर एक छोटा मायक्रोफोन ठेवला, एकेका स्पीकरमधून शीळ सोडली, यंत्राने खोली मोजून घेतली. तो गेल्यावर दादाने खोलीच्या मध्यभागी उभं राहून टाळी वाजवली. टाळी वाजली आणि जागीच विझली.

"ऐकलंस? मेला आवाज!" तो खुशीत म्हणाला. "शहाणे, मानलं तुला." मग तो वहिनीकडे वळला. "तू ओरड. मी बाहेर जाऊन ऐकतो."

"काय ओरडू?"

"नेहमी ओरडतेस तेच."

तो जिन्यापाशी गेला, दार ओढून घेतलं. धाकटीने वहिनीकडे पाहिलं. समजावून सांगायला वेळ नव्हता. तिने एक बोट ओठांवर ठेवलं आणि मान हलवली. एवढंच.

वहिनीने तोंड उघडलं, पूर्ण उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळे मिटले आणि आवाज मात्र काढला नाही. नुसता श्वास बाहेर गेला. ते बघताना धाकटीला तिच्या किंकाळीपेक्षा भयंकर वाटलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा वहिनीने डोळे उघडले ते धाकटीवर रोखून, आणि त्या नजरेत काहीतरी उमजल्याचं दिसलं.

दादा परत आला तो शीळ घालतच. "ठार! चिटपाखरू ऐकू येत नाही."

ते ऐकून धाकटीच्या जिवात जीव आला. आता फक्त थांबायचं होतं. तो टॉवेल वापरणार नाही, वहिनी मनसोक्त ओरडेल आणि नर्सबाई ऐकतील. तिने हिशोब पुन्हा पुन्हा तपासला. तिला चूक सापडली नाही.

चूक रविवारी दुपारी सापडली.

संघटनेतले दोघं नवा टीव्ही बघायला आले होते. त्यातल्या एकाने जाता जाता वहिनीला म्हटलं, "तुमचा नवरा म्हणजे हौशी माणूस हं." वहिनी हसून म्हणाली, "हौशी तर आहेतच." बस, एवढंच. दादाने त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं, हसत निरोप दिला, आत येऊन कडी घातली.

"हसतेस? माझ्यावर? परक्या माणसापुढे?"

"अहो, मी कुठे—"

"हसतेस ना? हस आता."

त्याने खिडक्या लावल्या. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दादाने टॉवेल घेतला नाही. त्याने रिमोट घेतला. पडद्यावर सैन्य उभं राहिलं, घोडे सुटले आणि त्याने आवाज चढवत चढवत शेवटपर्यंत नेला. जमीन थरथरायला लागली. मांडणीवरची भांडी किणकिणली. रिमोट खिशात टाकून त्याने वहिनीचे केस धरले.

धाकटीला तेव्हा कळलं. रोज ती हेच करायची. एक कान तपासताना दुसऱ्या कानात ती खरखर सोडायची. खरखर पुरेशी मोठी असली की त्या कानाला बाकीचं ऐकूच येत नाही. रोज, स्वतःच्या हाताने. आवाज भिंतीतून जाईल, एवढाच तिने विचार केला होता. मोठा आवाज लहान आवाजाला गिळतो, हे तिने धरलंच नव्हतं. नर्सबाईंना घोडे ऐकू येत होते, तलवारी ऐकू येत होत्या. वहिनी ओरडत होती आणि ती ऐकू जात नव्हती.

त्याने तिचं तोंड सोफ्याच्या लाकडी हातावर आपटलं. पुन्हा आपटलं. तिच्या ओठांतून रक्त आणि दाताचा तुकडा बाहेर आला. ती पालथी पडली, तशी त्याने बुटाने बरगडीत लाथ घातली, मग तिला उताणं करून तो तिच्या छातीवर बसला. आणि हात गळ्यावर ठेवले. दोन्ही.

"दादा! सोड!"

तिचं तिलाच ऐकू आलं नाही. तिने त्याच्या पाठीवर गुद्दे मारले. त्याने वळूनही पाहिलं नाही. रिमोट त्याच्या खिशात, खिसा त्याच्या मांडीखाली. वहिनीचे पाय टाइल्सवर घासत होते.

धाकटी पडद्याकडे धावली. त्यामागे वायरींचं जाळं होतं. कुठली कशाची, हे बघण्याच्या फंदात ती पडली नाही. दोन्ही हातांत येतील तेवढ्या धरल्या आणि सगळं अंग मागे टाकलं. प्लग सुटला, ठिणगी उडाली, एक स्पीकर तिच्या खांद्यावर येऊन आदळला.

एकदम शांत झालं. खोली इतकी कोरडी, इतकी स्वच्छ, की दादाचा श्वास ऐकू आला, टाइल्सवर घासणारी टाच ऐकू आली. पण किंकाळी नव्हती. दाबलेल्या गळ्यातून ती येणार कुठून?

ओरडायला आता एकच गळा मोकळा होता.

धाकटीने भिंतीकडे तोंड केलं आणि ओरडली. "नर्सबाई! मारतोय! दादा वहिनीचा गळा दाबतोय! नर्सबाई, या! पोलिसांना बोलवा! गळा दाबतोय!"

दादाचे हात सुटले. वहिनीने आत ओढलेला श्वास करवतीसारखा वाजला. तो उठला, दोन ढांगांत धाकटीपाशी आला आणि उघड्या पंजाने तिच्या डाव्या कानावर हाणलं. आत काहीतरी फट्‌कन फाटलं. कानाचा पडदा गेला, तिच्या मनात आलं, वरच्या बाजूला असेल. जग एका बाजूने बंद झालं, जमीन तिरकी झाली.

"गप! गप बस, गप!"

"गळा दाबतोय!" ती ओरडली. त्याने पोटात गुडघा घातला. तिने श्वास घेतला आणि पुन्हा ओरडली. त्याने पडलेला स्पीकर उचलून तिच्या हातावर आणला. हात लुळा पडला. तोंड चालूच होतं. आता शब्द उरले नव्हते. नुसता आवाज, उंच, सलग, थांबायचं नाव न घेणारा, आणि ती तो भिंतीवर सोडत होती, भिंतीवरच.

दारावर धक्के बसायला लागले. कडी वाकली, बिजागरी निखळली आणि खालच्या मजल्यावरचा सुतार दारासकट आत आला. त्याच्यामागे नर्सबाई, कानाला फोन लावलेला.

दादाने केसांवरून हात फिरवला. एका क्षणात चेहऱ्यावर अध्यक्षपद आलं. "अहो, काय हे? दार तोडता? नवा टीव्ही आणलाय, सिनेमा लावला होता. आवाज जरा मोठा झाला असेल."

नर्सबाईंनी काळ्या, बंद पडद्याकडे पाहिलं.

"सिनेमातली बाई मला हाक मारत होती होय रे?"

दादाने त्यांच्या हातातल्या फोनवर झडप घातली. सुताराने त्याला मध्येच धरलं, हात पिरगाळून पाठीशी नेला आणि त्याला सोफ्यावर तोंडघशी दाबून त्याच्यावर बसला. दादा शिव्या घालत राहिला. सुतार म्हणाला, "हलू नका शेट. हाताला काही झालं तर धंदा कोण बघणार?"

नर्सबाई खाली बसल्या. त्यांनी वहिनीला कुशीवर वळवलं, तोंडातलं रक्त बोटाने काढलं, गळ्यावरचे ठसे न दाबता बघितले. "गिळता येतंय का बाळा? नको, बोलू नकोस. आधी श्वास. सावकाश. मी आहे."

पोलीस आले तेव्हा पुढे एक बाई होती आणि तिने दादाला ओळखलं नाही. दादा सोफ्यावरूनच बोलू लागला: बायको घसरून पडली, बहीण जरा डोक्याने अशीतशीच, शेजाऱ्यांचं जुनं वैर आहे, चौकीतल्या साहेबांना विचारा, घरचा संबंध आहे आमचा.

"तुम्हाला विचारलं नाही," ती म्हणाली, आणि वहिनीपाशी वाकली. "कुणी मारलं?"

वहिनीने दादाकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं, ज्या नजरेने तो नेहमी पाहायचा, त्याच. ओरडून झालं होतं, दार तुटलं होतं, लोक आले होते. आणि तरी सगळं आता या एका बाईच्या तोंडून काय निघतं यावर येऊन ठेपलं होतं. ती "पडले" म्हणाली, तर पोलीस जातील, नर्सबाई जातील, सुतार दार बसवून जाईल.

वहिनीचे ओठ हलले. आवाज आला नाही, फक्त खरखर.

"काय? मोठ्याने बोला."

"तिला मोठ्याने बोलता येणार नाही," नर्सबाई म्हणाल्या. "आपणच गप्प बसू."

सगळे गप्प झाले. दादाने तोंड उघडलं, तशी सुताराने त्याची मान सोफ्यात दाबली. धाकटीने उजवा कान वहिनीकडे केला. आता तोच काय तो उरला होता.

"नवऱ्याने," वहिनी म्हणाली. कागद चुरगळल्यासारखा आवाज, पण शब्द तुटला नाही. "आज नाही फक्त. लग्न झालं, त्याच महिन्यापासून."

"सांगा," पोलीसबाई म्हणाली, आणि जमिनीवरच मांडी घालून बसली. "मला घाई नाही."

वहिनीने एकदा थुंकी गिळली, तोंड वेडंवाकडं केलं, आणि सांगायला लागली.